सतरा वर्षांची स्मिता, अकरावीचा वर्ग आणि शकुंतलेची लाइन

पऱ्हाटी

जुन्या काळातल्या शाळकरी पोरापोरींच्या मालिका सध्या बऱ्याच येत आहेत. सायकली, बेलबॉटम, रेडिओ, पहिलं प्रेम. मी त्या आवडीने बघतो. पण त्यांतलं गाव बहुतेक वेळा कोकणातलं, नाहीतर पुण्याच्या आसपासचं. कापसाचं शेत नुसतं मागे दिसावं, तेवढंही कोणी दाखवत नाही.

म्हणून हा धागा. आपण एक मालिका मनात रचू या. काळ जून १९७२ ते जून १९७३. जागा आपल्या वऱ्हाडातली: मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या शकुंतला या छोट्या गाडीच्या लाइनवर, कारंजा आणि दारव्ह्याच्या मधलं एखादं गाव. वर्ग अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. आणि मुख्य भूमिकेत स्मिता पाटील. ‘उंबरठा’तली नव्हे, सतरा वर्षांची.

स्मिताच का, ते सांगतो. तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा. म्हणजे आपली गोष्ट घडते त्याच वर्षी ती खरोखर सतराची झाली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्या सुरुवातीच्या काळात ती तिथे मराठी बातम्या वाचायची. तिथूनच श्याम बेनेगलांनी तिला हेरलं. आपल्या गावांत तेव्हा टीव्ही नव्हताच. मुंबईची माणसं ते कोवळं तोंड घरात बसून पाहत होती आणि आपल्याकडे नागपूर आकाशवाणीवरचे बाजारभाव चालू होते. आपल्याला ती दिसली ती थेट मोठी झालेली, संसारात आणि संकटात सापडलेली बाई म्हणून.

यात चूक तिची नाही. त्या वेळच्या मराठी पडद्यावर मुलगी फ्रॉकमधून एकदम लुगड्यात जायची. मधली तीन-चार वर्षं कोणी चित्रित केलीच नाहीत. त्या वर्षांत तिला सगळं कळत असतं, पण तिला कोणी काही विचारत नाही. स्मिताच्या चेहऱ्यावर नेमकं तेच होतं: कळतं आहे, बोलायचं आहे, आणि समोरचा ऐकेल की नाही याचा अंदाज चालला आहे. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा ३१ वर्षांची होती. तिची म्हातारपणाची कामं राहिली म्हणून लोक हळहळतात. मला तिची सतराव्या वर्षाची भूमिका राहिली याचंही तितकंच वाईट वाटतं.

बाकीचे नट तुम्ही सुचवा. एकच अट: माणूस जुन्या पडद्यावरचा हवा आणि का, ते सांगायला हवं.

मूर्तिजापूर_जंक्शन

भाऊ, धागा लय भारी काढला. मायं लहानपण त्या गाडीत गेलं, म्हणून पयले गाडीचंच सांगतो. पोरगी धावत धावत गाडी पकडते, असं दाखवू नका. शकुंतलेले धावून पकडा लागत नव्हतं. ते उभी राहे. गार्डाले माईत असे का अमक्याची पोरगी अजून आली नाई. अडीच फुटाची लाइन, गाडी कंपनीची, देश सोतंत्र झाला तरी मालकी कंपनीचीच. घाई कोनालेच नव्हती.

दुसरी गोष्ट. इंजिन वाफेचं होतं, १९९४ पर्यंत होतं. खिडकीत बसलं का कोयशाचे कण डोयात जात अन् कपड्यावर बसत. पांढरा बिलाऊज घालून शायेत जानाऱ्या पोरीची रोजची लढाई ते हाये. मले इंजिनाकडं पाठ करून, दप्तर छातीशी धरून बसलेली स्मिता पाह्यजे. खिडकीतून हात काहाडून वारा झेलनारी नाई.

भुलाबाईची_सखी

पऱ्हाटी, कल्पना मनापासून आवडली. पण एक शंका. स्मिता म्हटलं की गंभीर, सोसलेली बाई डोळ्यांसमोर येते. शाळकरी गोष्टीला खोडकरपणा लागतो. तो तिला जमेल?

माझी निवड रंजना. वर्गात दोन मैत्रिणी असतील तर पहिली कोण याचा विचार नंतर करू, पण रंजनाशिवाय हा वर्ग भरणार नाही. तिचाही जन्म १९५५ चाच. आपण तिला विनोदी नायिका म्हणून लक्षात ठेवलं, अशोक सराफांबरोबर तिचं टायमिंग होतंच तसं. पण व्ही. शांतारामांच्या ‘चानी’तली तिची मुलगी आठवा. गावाने टाकलेली, रानातून एकटी फिरणारी. हसता हसता गप्प होणं तिला साधायचं.

मी प्रसंग सुचवते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा सण, बसते. संध्याकाळी घरोघरी गाणी, मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. रंजना प्रत्येक घरी खाऊ बरोबर ओळखते, कारण दुपारी मागच्या दाराने जाऊन ती स्वयंपाकघरांतून वास घेऊन आलेली असते. आणि त्या वर्षी एका घरी डबा उघडल्यावर आत काहीच नसतं. १९७२ आहे. बायका नजर चुकवतात. रंजना तरीही मोठ्याने सांगते, “साखरफुटाणे!” आणि सगळ्या पोरी रिकामे हात तोंडाशी नेऊन खातात.

पऱ्हाटी

सखीताई, हा प्रसंग मालिकेत पक्का. माझ्या अंगावर काटा आला.

खोडकरपणाचं म्हणाल तर ‘जैत रे जैत’ची चिंधी बघा. १९७७ चा चित्रपट, जब्बार पटेलांचा. त्यातली स्मिता डोंगरावरून धावते, चिडवते, हट्ट करते, नवरा नको म्हणून सरळ सोडून येते आणि हव्या त्या पुरुषाच्या दारात उभी राहते. तिची मस्ती तोंडभर हसण्यात नव्हती, मानेच्या एका झटक्यात होती. ‘मंथन’मध्येही शहरातून आलेल्या डॉक्टरशी ती ज्या फणकाऱ्याने बोलते, तो आपल्या गावच्या मुलींचा फणकारा आहे. तो चित्रपट गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभा केला होता. आपल्या कापूसवाल्यांसाठी तसं कोणी केलं नाही, ही खंत वेगळी.

जुना_बाक

ती शिक्षिका म्हणून जास्त शोभेल. सतराव्या वर्षी तिने अभिनय केलेला कोणी पाहिला आहे? सगळा तर्कच.

झाडीची_लेक

जुना बाक, अगदी सतराव्या नाही, पण एकोणीस-विसाच्या आसपासची आहे की! ‘चरणदास चोर’, १९७५. बेनेगलांनी मुलांसाठी केलेला, हबीब तन्वीरांच्या छत्तीसगढी कलावंतांना घेऊन. त्यात स्मिता राजकन्या आहे. मातीतल्या नाचगाण्यावर वाढलेल्या त्या कलावंतांमध्ये मुंबईची मुलगी उभी आहे आणि वेगळी पडत नाही. आम्हा गोंदिया-गडचिरोलीकडच्यांना छत्तीसगढ म्हणजे शेजारचं अंगण, त्यामुळे तो चित्रपट मला परका वाटलाच नाही.

आता माझी मागणी. वऱ्हाडातच अडकू नका. नायिकेचा मामा वडसा देसाईगंजला असू द्या. दिवाळीच्या सुटीत ती मामाकडे येते. प्रवास बघा: शकुंतलेने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने नागपूर, नागपुरातून पुन्हा छोट्या गाडीने नागभीड, आणि तिथून गोंदिया-चांदा फोर्ट लाइनने वडसा. तेव्हा तीही नॅरोगेजच होती.

आणि इथे भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू झालेली असते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं, नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. धान निघालेल्या बांधीत मंडप, खाली तणस अंथरलेली, बाया एका बाजूला घोंगड्या घेऊन. कापसाच्या मुलखातली ही मुलगी पहिल्यांदा धानाच्या मुलखात येते. तिथे रंगमंचावरची बाई मोठ्या आवाजात सासऱ्याला जाब विचारते आणि समोर बसलेले हजारभर पुरुष चिडीचूप ऐकतात. स्मिताचा चेहरा फक्त त्या वेळी दाखवा. संवाद नको. पुढचे सगळे भाग तिथून बदलतात, कारण तिला कळलं आहे की असं बोलता येतं.

पऱ्हाटी

हे मला सुचलंच नसतं. कथेचा मध्य इथेच आहे.

कवठाची_चटणी

पोरगा कोण पण? सगळे पोरींचंच बोलून रायले.

माह्या मते लक्ष्मीकांत बेर्डे. जन्म १९५४ चा. म्हणजे हे तिघं एका वर्गात बसले असते राजेहो! लक्ष्या म्हटलं का लोकाईले नुसती हासासाठी पाह्यजे. पन ‘एक होता विदूषक’ पाहा, जब्बार पटेलांचाच, १९९२ चा. हासवनाऱ्या मानसाच्या आत काय चालू असते, ते त्यानं त्यात दाखवलं. हिट झाला असता तं त्याची पुढची सारी वाट बदलली असती, असं मले आजबी वाटते.

आपल्या गोष्टीत तो जीनातल्या, म्हंजे कापसाची सरकी काहाडायच्या कारखान्यातल्या, हमालाचा पोरगा. पोयाच्या दिवशी तोरनाखाली झडत्या, म्हंजे टोमन्याची कवनं, म्हननारा. दरवर्षी म्हने तशी तो झडती म्हनते, लोक हासतात, मंग एक झडती तो सोताची जोडून म्हनते. त्यात सावकाराचं नाव नसते पन सारे समजतात. बाप तिथंच बैल धरून उभा. बापाच्या तोंडावरचं हासू कमी कमी होत जाते, अन् लक्ष्याले ते म्हनता म्हनताच दिसते. तो थांबत नाई. हे काम दुसऱ्या कोनाले जमनार नाई.

अन् नायिकेवर त्याचं प्रेम असन तं असू द्या, पन ते त्यानं सांगू नोये.

भुलाबाईची_सखी

सांगू नये हे मान्य. पण रंजनाला ते कळावं. आणि तिचं मन त्याच्यावर असावं. तिनेही सांगू नये.

अमरावती_एसटी

छान चाललंय. दोन तपशील जोडतो.

एक, त्याच हंगामात, १९७२ ला, कापूस एकाधिकार योजना सुरू झाली. कापूस सरकारलाच घालायचा. संकलन केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग, रात्रीचा मुक्काम, बैलांना तिथेच वैरण, तीन दगडांवर पिठलं. घरी पोरी मोजत बसायच्या की बाबा आज येतात की उद्या. मॅट्रिकच्या फॉर्मची फी त्या चुकाऱ्यावर, म्हणजे कापसाच्या पैशांवर, अवलंबून आहे, असं केलं तर दुष्काळ, सरकार, शाळा सगळं एका दोरीत येईल. भाषण द्यावं लागणार नाही.

दोन, दुष्काळ दाखवताना मराठवाड्यासारखा दाखवू नका. सगळ्यात जास्त झळ तिकडे आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्याला बसली. आपल्या भागात कमी-अधिक होती, पण रेशनवरची लाल मिलो ज्वारी आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही आठवते. तिची भाकर थापताना तुटायची. खडी फोडायची कामं निघाली होती, रोजगार हमीचा कायदा नंतर १९७७ ला झाला.

सीतादही विसरू नका. वेचणीचा पहिला दिवस, शेतात पूजा, दहीभाताचा नैवेद्य. त्या वर्षी बोंडं थोडी आहेत तरी पूजा तशीच होते. स्मिताने ओटी बांधून पहिला कापूस वेचावा. तिच्या हातांकडे लक्ष द्या. ‘चक्र’ असो की ‘मंथन’, तिचे हात कधी नटीचे वाटले नाहीत.

जुना_बाक

‘चरणदास चोर’चा दाखला पटला. पण मग शिक्षक कोण? मॅट्रिकच्या गोष्टीत मास्तर कच्चा असेल तर काही उभं राहत नाही. डॉ. श्रीराम लागू सुचवतो.

मूर्तिजापूर_जंक्शन

लागू नको. लागू म्हटलं का पयल्याच भागात समजून जाते का मास्तर चांगला मानूस हाये. मले निळू फुले पाह्यजेत मास्तर म्हनून.

पडद्यावर ते आले का बायामानसं पोरीले मांगं घेत, इतका त्याईचा धाक. आपन त्याईले तसंच आनू. नवीन गणिताचे मास्तर, डोये बारीक करून वर्गाकडं पायतात, आवाज तोच खालचा. पोरींच्या आया म्हनतात, या मानसाच्या शिकवनीले पोरगी पाठवू नका. अन् हयूहयू समजते का साऱ्या गावात पोरीईनं शिकावं म्हनून जीव तोडनारा हा एकटाच मानूस हाये.

हे मी उगाच नाई म्हनत. खरे निळूभाऊ तसेच होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले, पुण्यात माळीकाम करत, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. लागूंसंगच उभे राहिले. पडद्यावर सारी जिंदगी दुष्ट मानूस केला, अन् घरी आले का साधा, वाचनारा मानूस. त्याईचा तो खरा सोभाव आपल्या मालिकेत तरी दिसावा.

पऱ्हाटी

जंक्शनदादा, तुमचं अगदी योग्य आहे आणि यात आणखी एक दुवा आहे. स्मिताही लहानपणी सेवा दलात होती. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, समाजवादी चळवळीतून आलेले, आई विद्याताई परिचारिका. म्हणजे मास्तर आणि ही विद्यार्थिनी खऱ्या आयुष्यात एकाच संस्कारातून आलेली. शिवाय ‘सामना’त स्मिता आणि निळूभाऊ दोघंही होते. तिथे लागूंनी जो पडलेला, दारूत बुडालेला मास्तर केला तो इतका मोठा आहे की आपल्या मास्तरावर त्याची सावली नको.

मास्तरांच्या खोलीत ग्रामगीता असावी. तुकडोजी महाराजांना जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रोज होत असणार. मास्तर मागे उभे राहतात, पुढे बसत नाहीत.

नवी_नवरी_नागपूर

सगळं वाचतेय आणि बघावंसं वाटतंय. हल्ली संगणकावर जुन्या नटांचे चेहरे तयार करून चित्रफिती येतात, तसं कोणी करेल का?

पऱ्हाटी

ताई, ते मला नको आहे. गेलेल्या माणसाचा चेहरा घेऊन तिने न केलेलं काम तिच्या तोंडून करवणं बरोबर नाही. तिला विचारायला ती नाही. आपण आठवणीतून मनात पाहतो तेवढं पुरे. आणि कोणाला खरंच अशी मालिका करायची असेल, तर आत्ताची सतरा वर्षांची, यवतमाळ-वाशीम-चंद्रपूरची मुलगी घ्यावी आणि तिला स्मिताची कामं दाखवावीत.

झाडीची_लेक

+१. आमच्याकडच्या नाटकांत अशा मुली आहेत. कोणी बघायला येत नाही एवढंच.

अमरावती_एसटी

गाण्यांचं कोणीच बोललं नाही. सुरेश भट अमरावतीचे. ‘उंबरठा’तलं ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ त्यांचंच, म्हणजे स्मिताच्या सगळ्यात एकट्या भूमिकेला शब्द आपल्याच माणसाने दिले. १९७२ मध्ये ते चाळिशीत होते. शीर्षकगीताचं काम त्यांचं.

भुलाबाईची_सखी

घर राहिलं. मुलीने पुढे शिकायचं की नाही हे बाप ठरवत नाही, आपल्याकडे ते आजी ठरवायची. आजी ललिता पवार.

सगळ्यांना त्यांची खाष्ट सासूच आठवेल. पण ‘अनाडी’तली त्यांची मिसेस डिसा आठवा, तोंडाने फटकळ आणि आतून पाघळलेली. त्यांच्या एका नजरेत नकार आणि कणव दोन्ही असायचं. १९७२ मध्ये त्या ५६ वर्षांच्या होत्या, आजीला वय अगदी योग्य.

चुकाऱ्याची चिठ्ठी मिळाली आहे, पैसे नाहीत. फॉर्मची शेवटची तारीख उद्या. बाप म्हणतो, राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी म्हणजे लग्न, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी रात्रभर काही बोलत नाही. पहाटे ती गळ्यातली पोत काढून मास्तरांच्या घरी जाते. निळूभाऊ आणि ललिता पवार समोरासमोर. पडद्यावरची दोन सगळ्यात भीतीदायक माणसं, आणि बोलणं काय, तर “या पोरीची फी भरून टाका, अन् तिच्या बापाले सांगू नका.”

कवठाची_चटणी

सखीताई, हे वाचून मायला फोन लावला. तिची मॅट्रिक राहिली होती, कारन तेच, चुकारा आला नव्हता. हा भाग तिले वाचून दाखवनार हावो.

जुना_बाक

मान्य. मास्तर निळू फुले, आजी ललिता पवार. आता फक्त स्टेशनमास्तर राहिला.

मूर्तिजापूर_जंक्शन

तो मी धागा निंगाला तवाच ठरवून ठेवला होता. राजा गोसावी. टोपी जराशी तिरपी, हातात हिरवी झेंडी, अन् पोरगी पेपरले निंगाली का गार्डाले म्हनतात, “दोन मिनिट थांब रे बाबा, तिची पाण्याची बाटली घरीच रायली, पोट्टं आनाले गेलं हाये.”